जिताड्याचं 'जेनेटिक' बीज घ्यावं का? खाडीत पिंजरा टाकायचा विचार चाललाय

दिवाळ्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी, मी दिवाळे कोळीवाड्यातला, बेलापूर. घरात पिढ्यान्पिढ्या मासेमारी, बाबा अजून होडी काढतात पण खाडीत आता पूर्वीसारखं लागत नाही, दोन भरत्या मारल्या तरी डिझेलचे पैसे निघायची मारामार. म्हणून आम्ही चुलत भाऊ पाच-सहा जण मिळून जिताड्याचा (इंग्रजीत सी-बास) पिंजरा टाकायचा, म्हणजे पाण्यात जाळ्याच्या पिंजऱ्यात मासे वाढवायचे, आणि बाजूला चिंबोऱ्या (खेकडे) भरवायच्या असं ठरतंय. परवानग्यांचं काका बघतायत, तो विषय वेगळा, इथे नको.

माझा प्रश्न बीजाचा, म्हणजे पाळायला घ्यायच्या पिल्लांचा आहे. एक जण येऊन गेला, म्हणाला आमच्याकडे 'जेनेटिकली इम्प्रूव्ह्ड' जिताडा आहे, साध्या बीजाच्या दुप्पट भाव पडेल पण वर्षाची वाढ आठ महिन्यांत, रोग लागत नाही, आणि चिंबोरीचं पण तसलंच सुधारित बीज देतो. हातात एक कागद दिला, त्यावर 'डीएनए टेस्टेड' असा शिक्का. काय टेस्ट केलं, कुठे केलं, काही लिहिलेलं नाही. भाऊ म्हणतात घेऊन टाकू, मी म्हटलं थांबा जरा विचारतो.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, हा मासा पिंजऱ्यातून सुटला तर खाडीतल्या आपल्या जिताड्याचं काय होईल? याचं उत्तर मला देता आलं नाही. कोणाला खरंच माहीत असेल तर सांगा, अंदाज नको.

पेणची_तळी

दादा, मी राहतो खारघरला पण तळी पेणला, वडिलांपासून जिताडा करतो. आमच्याकडे पूर्वी सगळं बीज खाडीतूनच यायचं, पावसाळ्यात उधाणाच्या पाण्यावर पिल्लं खाजणात शिरायची तीच धरून तळ्यात सोडायची, आता हॅचरीचं, म्हणजे टाकीत अंडी उबवून पिल्लं काढतात तिथलं घेतो. भारतात जिताड्याचं बीज हॅचरीत तयार करायचं तंत्र चेन्नईच्या 'सीबा' संस्थेने १९९७ ला बसवलं, त्यामुळे हॅचरीचं बीज मिळतं यात काही खोटं नाही. पण हॅचरीचं बीज आणि सुधारित बीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाजारात लोक दोन्ही एकच म्हणून विकतात, तुमच्याकडे आलेला माणूस तेच करत असावा असं मला वाटतं.

मी इतक्या वर्षांत कधीच 'सुधारित वाण' म्हणून जिताडा घेतला नाही, आणि एक लक्षात ठेवा, जिताड्यात वाढीचा फरक बीजापेक्षा वर्गवारीने जास्त पडतो. पिल्लं एकमेकांना खातात. दर आठ-दहा दिवसांनी मोठी बाजूला लहान बाजूला केली नाहीत तर हजारातली निम्मी पोटात जातात, मग उरलेली मोठी दिसतात आणि माणूस म्हणतो बघा काय बीज आहे. दुप्पट भाव देण्याआधी त्या माणसाच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या पिंजऱ्यावर जाऊन स्वतःच्या हाताने मासे मोजा.

निसर्गप्रेमी_घणसोली

माझं स्पष्ट मत, या जेनेटिक भानगडीत पडूच नका. परदेशात जीएम, म्हणजे बाहेरचा जीन घातलेला सामन (सॅल्मन मासा) काढलाच होता ना, तसलं काही आपल्या खाडीत आलं तर फ्लेमिंगोपासून निवटीपर्यंत सगळं संपेल. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा आहे, २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे प्रयोग कशाला? खाडी वाचवायची असेल तर जीन्सशी खेळ बंद ठेवा एवढंच सांगतो.

खारफुटी_ताई

निसर्गप्रेमी दादा, तुमची काळजी खरी आहे पण इथे दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या सोडवून घेतल्या तर दिवाळ्याच्या दादाला पण उपयोग होईल. मी ठाण्याची, मासे आणि खेकड्यांच्या डीएनएवर काम करते, म्हणून जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

तुम्ही म्हणता तो जीएम सामन अमेरिकेत २०१५ ला मंजूर झाला, त्यात दुसऱ्या माशाचा जीन घातलेला होता, आणि कंपनीने २०२४ च्या शेवटी तो पाळणं बंद पण केलं. जपानमध्ये २०२१ ला मदाई नावाचा मासा जीन एडिट करून विकायला आला, त्यात बाहेरचा जीन घातला नाही, स्नायूंची वाढ रोखणारा त्याचाच जीन बंद केला म्हणून मांस जास्त भरतं. आपल्या देशात असला कुठलाही मासा पाळायला परवानगी मिळालेली नाही, त्यामुळे बेलापूरच्या खाडीत कोणी तो विकत असेल ही शक्यता मी बाजूला ठेवते.

सुधारित वाण म्हणजे बहुतेक वेळा साधी निवड. आपल्याकडे भाताचं चांगलं कणीस बियाण्याला राखतात ना, तेच माशात, फक्त हिशोब ठेवून करायचं. भुवनेश्वरच्या 'सिफा' संस्थेने नॉर्वेच्या लोकांबरोबर १९९२ ला रोहूवर हे काम सुरू केलं, वेगवेगळ्या नद्यांमधले रोहू आणले, शेकडो कुटुंबं वेगवेगळी वाढवली, प्रत्येक माशाला खूण लावली आणि ज्या कुटुंबाची वाढ चांगली त्यांचीच पुढची पिढी घेतली. १९९७ ला 'जयंती रोहू' बाहेर आला, पिढीमागे साधारण १७ टक्के वाढ मिळाली. फिलिपिन्समध्ये १९८८ ला सुरू झालेला गिफ्ट तिलापिया पण असाच झाला. यात कुठेही जीन कापलेला नाही, डीएनए फक्त ओळखपत्रासारखा वापरतात, म्हणजे कोण कोणाचं पोर, सख्खी भावंडं एकमेकांशी लागत नाहीत ना, एवढं बघायला.

आता जिताड्यात हे काम का अवघड आहे ते बघा. जिताडा बहुतेक आधी नर असतो, तीन-चार वर्षांत नर म्हणून तयार होतो आणि पुढे सहा-आठ वर्षांचा झाला की मादी होतो. म्हणजे एका वयाच्या भावंडांमधून नर-मादी निवडताच येत नाहीत, एक पिढी उलटायला किती वर्षं लागतात तुम्हीच मोजा. त्यात एक मादी लाखांनी अंडी देते, टाकीत दहा-बारा जोडपी ठेवली तरी डीएनए तपासल्यावर दिसतं की पिल्लं दोन-तीन आयांचीच आहेत. बाहेरून बघितलं तर लाखभर बोटुकली, आत सगळी भावंडं. तीच मोठी करून परत त्यांचंच बीज घेतलं की दोन-तीन पिढ्यांत वाढ खुंटते, पाठ वाकडी होते, रोग पटकन लागतो. म्हणून 'आमचं बीज जेनेटिक' असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: जनक मासे किती, कुठून आणले, आणि कितवी पिढी चालू आहे?

आणि चिंबोरी. चिंबोरीचं पिढ्यान्पिढ्या सुधारलेलं बीज मी आजपर्यंत पाहिलेलं नाही, तमिळनाडूत राजीव गांधी सेंटर फॉर अ‍ॅक्वाकल्चरची खेकड्याची हॅचरी आहे पण बाजारात फिरणारं बहुतांश पिल्लू खाजणातून, खारफुटीतूनच धरलेलं असतं. मजा अशी की १९९८ पर्यंत शास्त्रज्ञसुद्धा या चिंबोऱ्यांमध्ये गोंधळलेले होते, त्या वर्षी जनुकं आणि आकार दोन्ही तपासून नक्की झालं की जाती चार आहेत. आपल्या किनाऱ्यावर मुख्य दोन भेटतात. एक मोठी होणारी, हिरवट, पायांवर जाळीसारखी नक्षी, नांगीच्या कोपराला दोन ठसठशीत काटे, डोळ्यांमधले दात उंच. दुसरी तांबूस, नक्षी नाही, कोपराला काटा बारीक किंवा नाहीच, डोळ्यांमधले दात बोथट, आणि ती फार वाढत नाही. पिल्लू लहान असताना फरक कळत नाही म्हणून लोक तांबडी पिल्लं भरतात, मग वर्षभर खाऊ घालून रडतात की बीज खराब. इथे डीएनए टेस्टचा खरा उपयोग आहे, दहा पिल्लांचा एकेक पाय दिला तर कुठली जात ते कळतं. तुमच्या शिक्क्यात हे लिहिलंय का?

कोळंबी_टेक्निशियन

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं, मी फक्त रोगाची बाजू जोडतो कारण माझी बरीच वर्षं कोळंबीच्या हॅचरीत गेली. 'रोग लागत नाही' आणि 'रोगमुक्त' यात फार फरक आहे आणि विकणारे मुद्दाम घोळ घालतात. १९९४-९५ ला पांढऱ्या ठिपक्याच्या विषाणूने आपल्या पूर्व किनाऱ्यावर टायगर कोळंबी आडवी केली, तेव्हापासून पिल्लांची पीसीआर तपासणी रोजचीच झाली. पीसीआर म्हणजे विषाणूच्याच जीनचा तुकडा शोधायचा, असला तर लाखो प्रती होऊन दिसतो. २००९ पासून आलेली व्हेनामी जातीची कोळंबी पण रोगमुक्त जनकांपासूनच करायचा नियम आहे. पण रोगमुक्त पिल्लू म्हणजे ज्या दिवशी तपासलं त्या दिवशी त्यात विषाणू नव्हता एवढंच, तुमच्या खाडीच्या पाण्यात गेल्यावर त्याला काही कवच नाही.

आणि दादा, चिंबोरी पांढऱ्या ठिपक्याचा विषाणू अंगात घेऊन आरामात जगते, स्वतः मरत नाही, दुसऱ्यांना देते. बाजूला कोणाची कोळंबीची तळी असतील तर बाहेरच्या राज्यातली चिंबोरी तपासल्याशिवाय आणूच नका. जिताड्यासाठी मेंदूच्या रोगाची, म्हणजे व्हीएनएनची तपासणी मागा, लहान पिल्लांत तो आला की पिल्लं गिरक्या घेत मरतात आणि तीन-चार दिवसांत टाकी रिकामी. रिपोर्टवर लॅबचं नाव, तारीख, बॅच नंबर आणि कोणता विषाणू शोधला ते पाहिजे, नुसत्या शिक्क्याला अर्थ नाही.

(खरा प्रतिकार असलेला वाण माशात होऊ शकतो, नॉर्वेत सामनच्या आयपीएन रोगासाठी एक डीएनए खूण सापडली, ती असलेले जनक निवडले आणि रोगाच्या साथी खूप कमी झाल्या. पण त्यामागे १९७० च्या दशकापासूनचं निवडीचं काम आहे.)

चेंदणीचा_काका

पोरा तुझ्या बापाने जो सवाल केला तोच खरा सवाल हाय. मी ठाण्याचा, चेंदणी कोळीवाडा, वय सत्तरच्या वर. आमच्या लहानपणी कळव्याच्या पुलाखाली पाग टाकला तरी घरचं कालवण सुटायचं, बोय, शिंगाळी, निवटी, काय नाय ते. जिताडा दोन-दोन हात लांब मिळायचा, पोटात ही एवढी गाबोळी, म्हणजे अंडी. आमी तोच धरायचो, मोठा मासा म्हणजे मोठा पैसा. आता ताई सांगते की मोठा तो मादी. म्हणजे आमी सगळ्या माद्याच काढल्या की काय? हे आमाला कोणी सांगितलंच नाय तेव्हा. नाखवा लोक पयल्यापासून म्हणत आले की पावसाळ्यात गाबोळीचा मासा धरू नये, पण ते दर्यावरच्या माशाला, खाडीत कोणी पाळलं नाय.

ताई मला एक सांग, आता खाडीत जिताडा किती उरला ते तुमच्या त्या डीएनएवरून कळतं का? कारण सरकारी माणूस येतो, बंदरावर टोपल्या बघतो, आमच्या होडीत काय येतं ते कोणी मोजतच नाय.

खारफुटी_ताई

काका, तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं. हो, एका मर्यादेपर्यंत कळतं. मासा पाण्यात असतो तेव्हा खवले, चिकटा, विष्ठा यातून त्याचा डीएनए पाण्यात सुटतो आणि काही दिवस टिकतो. लिटर-दोन लिटर पाणी घ्यायचं, बारीक फिल्टरमधून गाळायचं, फिल्टरवर जे राहिलं त्यातून डीएनए काढून बघायचं कुठल्या कुठल्या माशांचा आहे, याला ई-डीएनए म्हणतात. २००८ ला फ्रान्समध्ये डबक्यातला बेडूक असा शोधला तिथून हे वाढलं, आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या लोकांनी चिलिका सरोवरात केलंय. जाळं टाकायला नको, मासा मारायला नको, आणि दुर्मीळ मासा जाळ्यात न येता पण सापडतो हे त्याचं मोठेपण.

पण ठाणे खाडीत हे करताना नाकी नऊ येतात ते पण सांगते. पाणी इतकं गढूळ की अर्धा लिटरमध्येच फिल्टर तुंबतो. भरती-ओहोटीला पाणी वरखाली होतं, त्यामुळे ऐरोलीला सापडलेला डीएनए ऐरोलीच्याच माशाचा की वाशी पुलाकडून आलेला ते सांगता येत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण आपल्या घरांची, गटारातून मासळी धुतलेलं पाणी खाडीत येतं. दिवाळ्याच्या मासळी बाजाराखाली नमुना घेतला तर बोंबील, सुरमई, अगदी गोड्या पाण्यातला रोहू पण खाडीत राहतो असं उत्तर येईल. म्हणून नमुना कुठे आणि कोणत्या वेळी घ्यायचा हे ज्याची हयात खाडीत गेली त्याच्याशिवाय ठरत नाही, यंत्र कितीही महाग असो. आणि किती मासे आहेत हा आकडा ई-डीएनए सरळ देत नाही, आहे की नाही आणि पूर्वीपेक्षा कमी की जास्त एवढा अंदाज येतो, त्यासाठी वर्षानुवर्षं त्याच जागी नमुने घ्यावे लागतात.

आता बाबांचा प्रश्न. सुटलेला मासा काय करतो हे नॉर्वेत नीट बघितलंय. पाळीव सामन पिंजऱ्यातून सुटून नद्यांत गेला, जंगली सामनशी लागला, आणि डीएनए तपासल्यावर निम्म्याहून जास्त नद्यांच्या माशांत पाळीव रक्त सापडलं. पाळीव मासा पिंजऱ्यात जगायला निवडलेला असतो, त्याची पोरं नदीत कमी तगतात, म्हणजे जंगली माशाची ताकद पिढ्यान्पिढ्या पातळ होते. जिताड्यात तर धोका अजून सरळ आहे. २०१६ ला सिंगापूरच्या संशोधकांनी जिताड्याचा सगळा जीनोम, म्हणजे पूर्ण डीएनए वाचला आणि वेगवेगळ्या देशांतले मासे ताडून बघितले, तर तीन गट वेगळे निघाले, भारताच्या बाजूचा एक, आग्नेय आशियाचा एक, ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीचा एक. दिसायला सगळे जिताडे. म्हणजे कोणी थायलंड-मलेशियाकडच्या जनकांचं बीज 'सुधारित' म्हणून आणून पिंजऱ्यात टाकलं आणि एका वादळात जाळं फाटलं तर आपल्या किनाऱ्याचा हजारो वर्षांत घडलेला मासा भेसळ होणार, आणि ती भेसळ परत काढता येत नाही.

दिसायला सारखं म्हणजे एकच, असं धरून चालल्याने आपण आधीच फसलोय. पापलेट २०२३ ला महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, सगळ्या पुस्तकांत त्याचं शास्त्रीय नाव पॅम्पस अर्जेन्टियस, पण डीएनए तपासल्यावर दिसलं की आपल्याकडचं पापलेट पॅम्पस कँडिडस, वेगळी जात आहे. मग दुसऱ्या देशातल्या पापलेटाचं वाढीचं गणित, अंड्यावर येण्याचं माप इथे लावून कसं चालेल? किती इंचाखालचा मासा धरायचा नाही हा नियम बरोबर ठरायचा तर आधी मासा कोणता ते तर माहीत पाहिजे.

निसर्गप्रेमी_घणसोली

ताई, धन्यवाद, मी निवड आणि जीएम एकच धरून बसलो होतो. पण मग पिंजरे टाकूच नयेत का? सुटणार तर आहेतच.

पेणची_तळी

असं नाही दादा. पिंजरा टाकला नाही तर हीच पोरं बारीक आसाचं जाळं घेऊन खाडीतलीच पिल्लं उपसणार, पोट कुणाला सुटलंय. बीज इथल्याच किनाऱ्याच्या जनकांचं असेल, जनक भरपूर असतील, तर सुटलेला मासा परका राहत नाही. बाकी दुहेरी जाळं, पावसाळ्याआधी काढणी, हे करायचंच. मी तर म्हणतो कोळीवाड्यांनी मिळून इथलेच मोठे जिताडे हॅचरीला जनक म्हणून द्यावेत, बाजारात कापण्यापेक्षा जिवंत माशाला जास्त भाव मागावा.

खारफुटी_ताई

पेणचे दादा अगदी हेच. त्यात एक जोडते, जनक म्हणून दिलेल्या प्रत्येक माशाच्या शेपटीचा नखाएवढा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवायचा, माशाला काही होत नाही, तेवढं परत उगवतं. उद्या खाडीत मासा सापडला तर तो पिंजऱ्यातला की खाडीतला ते या तुकड्यांवरून ताडून सांगता येतं. चोरीच्या गाडीला नंबर असतो तसं. मग 'तुमच्या माशाने खाडी बिघडवली' असं कोणी म्हटलं तर कोळीवाड्याच्या हातात पुरावा राहील.

दिवाळ्याचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण हे सगळं घरी मोबाईलवरून वाचून दाखवत होतो. काल त्या माणसाला फोन लावला आणि तुम्ही सांगितलेलंच विचारलं, जनक किती, कुठले, कितवी पिढी, कोणत्या विषाणूची टेस्ट, कोणती लॅब. पहिल्यांदा म्हणाला सगळं मिळेल, मग म्हणाला कंपनीचं गुपित असतं, मग म्हणाला माल कमी आहे आजच ठरवा. मी ठेवून दिला. भावांपैकी एक अजून नाराज आहे, त्याला वाटतं संधी गेली, त्याला पेणला घेऊन येतो दादा, तुमची तळी आणि वर्गवारी बघायला, रविवारी चालेल का सांगा.

चिंबोऱ्यांचं काल रात्रीच बघितलं. बाजारात आलेल्या एका टोपलीत बॅटरी मारून नांगीचे काटे मोजले, तेवीस चिंबोऱ्यांत पंधरा तांबड्या निघाल्या. आई म्हणाली हे मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं, तांबडी भरत नाही हे आम्हा बायकांना विकताना कळतंच, फक्त ती वेगळी जात आहे हे माहीत नव्हतं. आता ती म्हणते पिल्लं मीच निवडून देणार.

बाबांना नॉर्वेचं आणि तीन गटांचं सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले उलव्याच्या बाजूला खाडीत एक खोल जागा आहे, भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) पाण्याला तिथे अजून मोठा जिताडा फिरतो, मी कोणाला दाखवलेली नाही, त्या ताईंना पाणी घ्यायचं असेल तर होडीने नेतो, धरायला मात्र तिथे कोणाला नेणार नाही. ताई, परवानगीचे कागद लागत असतील तर तुम्ही बघा, होडी आणि डिझेल आमचं. येत्या अष्टमीच्या भांगाला सकाळी जमेल का?

खारफुटी_ताई

जमेल. वनविभागाचं पत्र लागेलच, सोमवारी अर्ज देते. ते वेळेत आलं नाही तर पुढच्या भांगाला जाऊ. बाबांना सांगा फिल्टर जास्त घेऊन येते, आणि जागा कुठेही लिहिणार नाही.

चेंदणीचा_काका

मला पण न्या होडीत. बसायला जागा झाली तर.